डोहात कुणी उतरायचे?

२०२५ च्या ऑगस्टमधली आमच्या वस्तीतल्या बचत गटाची बैठक. वार्षिक सहल कुठे न्यायची, एवढाच विषय होता. एरवी हा विषय पाच मिनिटांत संपतो. एक वर्ष आळंदी, एक वर्ष जेजुरी, एक वर्ष कार्ल्याची एकवीरा. देवदर्शनाला जायचे म्हटले की घरात फारशी वादावादी होत नाही, म्हणून बायकाच देव सुचवतात. या वेळी मात्र मागून आवाज आला, "ताई, यंदा धबधब्याला जाऊ. ते डोहबीह असतात ना, तिथं."

मी ताबडतोब "नको" म्हणाले.

माझ्याकडे कारणे तयार होती. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब वाहून गेले. एक बाई आणि चार मुले गेली. एकमेकांना धरून पाण्यात उभी असलेली ती माणसे आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली होती. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने भरलेला असताना कोसळला. चार माणसे दगावली, पन्नासच्या आसपास जखमी झाली. आमच्या गटातल्या बहुतेकींना पोहता येत नाही, मलाही येत नाही. काही झाले तर जबाबदार कोण? मी एखाद्या सभागृहात एक दिवसाचे शिबिर घेऊ, गाणी म्हणू, खेळ खेळू, असे सुचवले.

तेव्हा आमच्यातल्या एक ज्येष्ठ सभासद बोलल्या. पहाटे रस्ते झाडायचे काम त्यांनी तीस वर्षे केले आहे. त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही आजवर भिजलो ते कामानंच. पावसात झाडलं, नळावर भिजलो, धुण्याला बसलो. एकदा बिनकामाचं भिजायचंय. तेवढं करा."

बैठक संपली, पण मला झोप आली नाही. मुलीला उशिरा बाहेर पाठवू नका, जमाना वाईट आहे, असे म्हणणाऱ्या बापाशी मी गेली दहा वर्षे वाद घालते आहे. धोका रस्त्यावर असेल तर रस्ता सुधारा, मुलीला घरात कोंडू नका, हे मी किती शिबिरांत सांगितले असेल! शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांवर पुस्तक लिहिले. निव्वळ सुरक्षितता मागण्याऐवजी बाईने सार्वजनिक जागेत विनाकारण रेंगाळण्याचा आणि धोका पत्करण्याचा हक्क मागावा, असे त्यात मांडले आहे. ते वाचून मी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता पाण्याचा विषय निघताच मी त्याच बापाच्या खुर्चीत जाऊन बसले होते. माझ्या हातात फक्त समाजकार्याची पदवी होती, एवढाच फरक.

म्हणून आम्ही जायचे ठरवले. मात्र पावसाच्या ऐन भरात नाही आणि वाटाड्याशिवाय नाही. दसरा झाल्यावर आणि दिवाळीच्या कामांची झुंबड उडायच्या आत, पाऊस ओसरलेला पाहून, आणि रविवारची गर्दी टाळून. घरकाम करणाऱ्यांना त्यासाठी एक खाडा करावा लागला. पगार कापला जाणार, हे माहीत असून बावीस जणी तयार झाल्या.

अशा सहली नेणाऱ्या एका मंडळींना फोन केला. पहिला प्रश्न आला, "सोबत कुणी जेन्ट्स आहेत ना?" मी म्हटले, नाहीत. पलीकडे थोडी शांतता. मग, "मॅडम, मग जबाबदारी कोण घेणार?" बावीस प्रौढ, कमावत्या बायकांची जबाबदारी घ्यायला एखादा पुतण्या सोबत असता तर चालले असते. शेवटी ओळखीतून पवन मावळातल्या एका गावचा तरुण वाटाड्या मिळाला. त्याने जेन्ट्सबद्दल विचारले नाही. त्याने विचारले, "पोहता कितीजणींना येतं? गुडघ्याचा त्रास कुणाला आहे? फिट कुणाला येते?" हेच प्रश्न खरे होते. पोहता येणाऱ्या दोघी निघाल्या. दोघीही लहानपणी भावांच्या मागे लागून कॅनॉलमध्ये शिकलेल्या.

सकाळच्या लोकलने कामशेतला उतरलो, तिथून जीपने पवन मावळात. पुढे दीड तासाची चाल. भात पिकायला आले होते, बांधावर सोनकी फुललेली. ओढ्याचे आणि गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. नाव छापले की गर्दी होते, आणि त्या वाडीला ती झेपणारी नाही.

डोह म्हणजे काय, तेही तिथे नीट कळले. पाण्याबरोबर आलेले दगडगोटे काळ्या कातळाच्या खळग्यात वर्षानुवर्षे गरगर फिरतात आणि रांजणासारखी कुंडे कोरतात. म्हणून काठावर घोटाभर वाटणारे पाणी पुढच्या पावलावर पुरुषभर असते. वाटाड्याने काठीने खोली दाखवली, दोर बांधला आणि हद्द आखून दिली. धार पडते त्याच्या थेट खाली जायचे नाही, कारण वरून पाण्याबरोबर दगड येतात आणि खालचे पाणी ओढून घेते. शेवाळावर उभे राहायचे नाही, बसून सरकायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचे : पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा आवाज वाढला, तर आपल्या डोक्यावर ऊन असले तरी तत्काळ बाहेर पडायचे. पाऊस वर डोंगरात पडत असतो.

हे सगळे सांगायला त्याला दहा मिनिटे लागली. ही दहा मिनिटांची माहिती कुठल्याही शाळेत आम्हा कुणालाच मिळाली नव्हती.

डोहावर आधीच सात-आठ मुले होती. स्पीकर लावलेला, बाटल्या काठावर. आम्हाला पाहून एकाने मोबाईल वर धरला. आमच्यातल्या दोघी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या, "काय पिक्चर काढतोस का रे बाळा?" वाटाड्याही गावचा, त्याने आवाज चढवला. मुले थोडी कुरकुर करून निघून गेली. रविवार असता आणि सातऐवजी सत्तर असती, तर आम्हीच परत फिरलो असतो, हेही खरे आहे. धबधब्याला जाणाऱ्या बायांना पाण्याचे भय असते, त्याआधी या नजरेचे असते.

मग कपड्यांचा प्रश्न. कपडे बदलायला आडोसा नाही. दोन चादरी धरून आम्ही तो केला. पाचवारी पाण्यात पायांत गुंडाळते आणि जड होते. सफाई कामगार असलेल्या त्या आजींनी खसकन काष्टा मारला आणि सगळ्यांच्या आधी उतरल्या. छातीभर पाण्यात जाऊन दोर धरून त्या उभ्या राहिल्या आणि मोठमोठ्याने हसू लागल्या. मी काठावर शिट्टी घेऊन बसले होते. कुणी हद्दीच्या जवळ गेली की वाजवत होते. थोड्या वेळाने एकीने माझ्या हातातली शिट्टी काढून घेतली, "ताई, आता तुम्ही उतरा. मी वाजवते." त्या पाण्यात पाय टेकून उभे राहताना मला जे वाटले ते लिहिण्याचा मी इथे प्रयत्न करत नाही. एवढेच सांगते की, चाळिशीला आले तरी गळ्यापर्यंतच्या पाण्यात मी पहिल्यांदाच उभी होते.

दुपारी वाटाड्याची आई पिठले-भाकरी आणि इंद्रायणीचा भात घेऊन वर आली. डोक्यावर पाटी, पायात साध्या चपला. जी वाट चढताना आमची दमछाक झाली ती तिने पाऊण तासात संपवली होती. काठावर बसून ती आमच्याकडे पाहत होती. कुणीतरी म्हणाले, "मावशी, या ना पाण्यात."

"नगं. हितं आसरा हायेत."

साती आसरा. मावळातच कशाला, महाराष्ट्रभर डोहाकाठी शेंदूर फासलेले सात दगड दिसतात. या जलदेवता. ओल्या बाळंतिणीला, नव्या नवरीला, तरण्या पोरीला त्या धरतात, म्हणून बायांनी भलत्या वेळी डोहाकडे जायचे नाही. मला नेहमी गंमत वाटते. डोहाच्या मालकिणी सात बायाच, आणि मज्जाव मात्र बायांनाच.

"म्हणजे तुम्हाला पोहता येत नाही का, मावशी?"

"येतंय की! म्हशीच्या शेपटाला धरून शिकले माहेरी. धा-बारा वर्साची होईस्तवर रोज डोहात. ह्याला कुनी शिकवलं मग? म्याच की, कमरंला दोर बांधून." तिने मुलाकडे बोट केले. "पन लगीन झाल्यावर न्हाई. सुनंनं उड्या मारायच्या व्हय पाण्यात?"

आम्ही सगळ्या गप्प झालो. त्या दिवशी आम्हाला डोहाची खोली सांगणारा, दोर बांधणारा, गढूळ पाण्याची खूण शिकवणारा जो वाटाड्या होता, त्याचे ज्ञान या बाईकडून आलेले होते. तिचे पोहणे लग्नाबरोबर थांबले. मुलाचे पोहणे त्याचा रोजगार झाले. त्याला वाटाड्या म्हणून दिवसाचे पैसे मिळाले, तिला भाकरीचे. मुलगा चांगला आहे, आईला मान देतो, त्याच्यावर माझा राग नाही. पण ही वाटणी कुणी केली?

मला जे म्हणायचे आहे ते इथून सुरू होते.

बाई आणि पाणी यांचे नाते आपण फार गातो. पण ते नाते कामाचे आहे. हंडा डोक्यावर, धुणे दगडावर, आषाढात भाताच्या लावणीला इरले घेऊन दिवसभर गुडघाभर चिखलपाण्यात वाकून उभे राहणे. या पाण्यात बाई आठ तास असली तरी कुणाची हरकत नसते. हरकत येते ती तिने त्यात अंग सैल सोडले की. गावच्या विहिरीत मुलगे उड्या मारतात आणि त्याच विहिरीतून मुलगी पाणी शेंदते, हे चित्र आपल्याला इतके सरावाचे आहे की त्यात काही अन्याय आहे असे वाटतही नाही.

आणि हा केवळ मौजेचा प्रश्न नाही. २००४ च्या डिसेंबरमध्ये त्सुनामी आली. ऑक्सफॅम संस्थेने २००५ साली इंडोनेशियातल्या आचेपासून आपल्या तमिळनाडूतल्या कडलूरपर्यंतच्या गावांचा आढावा घेतला, तेव्हा कित्येक गावांत दगावलेल्या बायांची संख्या पुरुषांपेक्षा खूप जास्त निघाली. कारणे अनेक होती : बाया त्या वेळी किनाऱ्यावर वा घरात होत्या, पोरे कडेवर होती. पण त्यांतले एक कारण हेही होते की मुलांना पोहायला आणि झाडावर चढायला शिकवले जाते, मुलींना नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला सुमारे तीन लाख माणसे बुडून मरतात. शाळकरी मुलामुलींना पोहणे आणि पाण्यात सुरक्षित वागणे शिकवा, ही संघटनेने सांगितलेल्या प्रमुख उपायांपैकी एक शिफारस आहे. बुडणाऱ्यांत पुरुष अधिक असतात, कारण पाण्यात उतरतात तेच अधिक. पण त्यावरून बाईला काठावर ठेवणे म्हणजे तिला वाचवणे, असा अर्थ काढणे चुकीचे आहे. पाणी कधी दारात येईल याचा नेम नसतो.

पाण्यात उतरण्याचा प्रश्न आपल्याकडे केवळ स्त्री-पुरुषांचा कधीच नव्हता. परतीच्या लोकलमध्ये आमच्या एका दलित कार्यकर्तीने सांगितले, "आमच्या गावात नदीवर वरचा पाणवठा त्यांचा, खालचा आमचा. आम्ही वर पाय घातला असता तर पाणी बाटलं असतं. आज मी आयुष्यात पहिल्यांदा धारेच्या वरच्या अंगाला बसले." २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, ते पाणी गोड होते म्हणून नव्हे. माणूस म्हणून हक्क होता म्हणून. आमच्या सहलीची तुलना मी त्या सत्याग्रहाशी करत नाही, तेवढा उद्धटपणा माझ्यात नाही. पण पाण्याला कुणी स्पर्श करायचा, कुणी कुठे बसायचे, हे आपल्या समाजात नेहमीच कुणीतरी ठरवत आले आहे, एवढे तरी आपण विसरू नये.

मावळात तर हे विसरताच येणार नाही. या तालुक्यावर आभाळ कोसळते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो. भुशी धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधले. टाटांच्या वळवण आणि इतर तलावांचे पाणी खोपोलीला उतरून १९१५ पासून मुंबईसाठी वीज करू लागले. पवनेचे पाणी पिंपरी-चिंचवडला जाते. ते बंद नळातून नेण्याच्या योजनेला विरोध करायला ९ ऑगस्ट २०११ रोजी शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तिघे मेले. त्यांत एक बाई होती. आज पवनेच्या काठाने बंगले उभे आहेत, बंगल्यांत निळे पोहण्याचे तलाव आहेत आणि ते तलाव घासायला वाडीवरच्या कातकरी, ठाकर बाया जातात.

त्याच पवन मावळात बेडसे लेणी आहेत. तिथे पाण्याच्या एका टाक्यावर ब्राह्मी लिपीत लेख आहे. हे टाके दान देणारी बाई आहे, महाभोजाची मुलगी महारठिनी सामडिनिका. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरातल्या पाण्यावर एका बाईचे नाव कोरले गेले. ती राजघराण्यातली होती, हे मान्य. पण पुढच्या दोन हजार वर्षांत आपण नाव कोरण्यापासून शिट्टी वाजवण्यापर्यंत खाली आलो, हे माझ्या मनातून जात नाही.

आता बंदीबद्दल. भुशीच्या घटनेनंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळी पाण्यात उतरण्यावर आणि धोक्याच्या ठिकाणी जाण्यावर बंदीचे आदेश काढले. भर पावसात, फुगलेल्या ओढ्यावर बंदी हवीच, तिला माझा विरोध नाही. पण बंदी हे एकमेव उत्तर झाले की दोन गोष्टी होतात. पुरुषांची टोळकी आडवाटेने जातातच, बायकांच्या घरी मात्र "सरकारनेच सांगितलंय" हे आयते कारण मिळते. दुसरे म्हणजे, कणसे भाजून विकणारी बाई पहिल्यांदा उठवली जाते. तिचे वर्ष या तीन महिन्यांवर चालते. कुंडमळ्याचा पूल बायकांनी पाडला नव्हता. मोडकळीला आलेल्या पुलावर गर्दी होऊ न देणे हे कुणाचे काम होते, हा प्रश्न विचारायचा सोडून "तिकडे जायचंच कशाला" असे आपण एकमेकींना विचारतो.

राज्याने २०२३ साली महिलांसाठी पर्यटन धोरण आणले. त्याचे नाव "आई". पर्यटन व्यवसाय करणाऱ्या बाईने बँकेकडून घेतलेल्या पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाचे व्याज ठरावीक मर्यादेत शासन परत देते. धोरण चांगले आहे. पण व्यवसाय तिच्या मालकीचा आणि नोंदलेला हवा, आणि बँकेने तिला कर्ज द्यायला हवे. भाकरीची पाटी घेऊन डोंगर चढणाऱ्या मावशीच्या नावावर घर नाही, सातबारा नाही. तिच्याजवळ आहे ते ज्ञान. त्याला तारण म्हणून कोण धरणार?

काही मैत्रिणी म्हणतील, हुंडा, मारहाण, रेशन, रोजगार एवढे प्रश्न पडलेले असताना हे डोहाचे काय काढलेस? ही मध्यमवर्गीय चैन आहे. मलाही तसेच वाटत होते, म्हणून तर मी शिबिर सुचवले होते. पण डोहाची मागणी माझ्यासारखीने केली नाही, रस्ते झाडणाऱ्या बाईने केली. आणि त्या दिवसानंतर गटात ज्या गोष्टी निघाल्या, त्या पाच वर्षांच्या बैठकांत निघाल्या नव्हत्या. एकीने पाण्यात उभी असतानाच शेजारणीला दंडावरचा वळ दाखवला. पुढच्या आठवड्यात ती सल्ला केंद्रावर आली. आनंद आणि लढा यांना आपण वेगवेगळ्या खोल्यांत बसवले आहे. बायका तसे बसवत नाहीत.

म्हणून काही मागण्या आपण आपल्या कार्यक्रमात घ्याव्यात, असे मला वाटते. शाळेत पाचवीपासून मुलामुलींना पोहणे आणि पाण्याच्या धोक्याच्या खुणा शिकवाव्यात. शाळेजवळ तलाव नसेल तर निदान त्या खुणा तरी. सार्वजनिक तलावांवर बायकांच्या वेळा कष्टकरी बायकांना सोयीच्या असाव्यात. आमच्या जवळच्या एका तलावावर बायकांची वेळ ऐन दुपारची आहे, जेव्हा आमच्या बायका दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत असतात. ती बदलावी म्हणून आम्ही अर्ज दिला आहे, उत्तर अजून आलेले नाही. पर्यटनस्थळी आडोसा आणि स्वच्छतागृह असावे. आणि गावांतल्या बायांना वाटाड्या म्हणून प्रशिक्षण, ओळखपत्र आणि पुरुषाइतकाच रोज मिळावा. वाट त्यांना माहीत आहे. सरपणाला, रानभाजीला त्या रोज तिथूनच जातात.

आमच्यापुरते आम्ही एक ठरवले आहे. पुढच्या सहलीला वाटाड्या म्हणून मावशींनाच बोलवायचे, मुलाला मदतनीस म्हणून. निरोप पाठवला तेव्हा त्यांनी आधी विचारले, "आन् भाकरी कोन करनार?" आम्ही कळवले, भाकरी आम्ही बांधून आणू. त्यावर त्यांनी अजून हो म्हटलेले नाही. सासूला विचारते म्हणाल्या आहेत. त्यांचे वय पंचावन्नच्या पुढे आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत एवढाच प्रश्न विचारून पाहा : इथे पोहता कितीजणींना येते, आणि येत असेल तर शेवटचे कधी पोहलात? आमच्या गटात त्यावर दोन तास चर्चा झाली. तुमच्याकडे काय निघते ते जरूर कळवा.